हलवलं की सांगायचं

बुद्धप्रियाच्या घरात नियम एकच होता आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना लागू होता. वस्तू हलवली की सांगायचं. स्टूल असो, घागर असो, दाराआडचा झाडू असो. मागच्या गल्लीतल्या बाळाबाई आल्या तरी उंबऱ्यातूनच म्हणायच्या, "जय भीम, ईश्वरदादा. चपला डावीकडं काडल्यात बरं का." पाण्याच्या दिवशी, म्हणजे चार-पाच दिवसांतून एकदा, घरभर बादल्या आणि पिंपं भरून ठेवली की बुद्धप्रियाची आई मीनाबाई मोठ्यानं सांगायच्या, "मोरीपासनं दारापतुर उजव्या अंगाला भरून ठेवलंय. डाव्या अंगानं वाट हाय." पाहुण्यांना आधी गंमत वाटायची. दुसऱ्या खेपेला तेही चपलांचा पत्ता सांगायला लागायचे.

ईश्वरदादा म्हणजे बुद्धप्रियाचे वडील. चार वर्षांचे असताना देवी आल्या आणि त्यांचे दोन्ही डोळे गेले. तरी ते शिकले, सरकारी कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर झाले, एकतीस वर्षं त्यांनी माणसांना माणसं जोडून दिली आणि सात वर्षांपूर्वी रिटायर झाले. घरात ते असे वावरायचे की नवखा माणूस आला तर चहा संपेपर्यंत त्याच्या काही ध्यानात यायचं नाही.

हा नियम बुद्धप्रिया शिकली ती सात वर्षांची असताना. तेव्हा ही मंडळी भवानी पेठेतल्या एका खोलीत राहायची. तिनं शाळेचं दप्तर उंबऱ्यात टाकलं आणि खेळायला पळाली. ईश्वरदादा ड्युटीवरून आले, दप्तरात पाय अडकला आणि ते हनुवटीवर आपटले. तीन टाके पडले. मीनाबाईंनी पोरीला मारलं नाही. समोर बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "त्येंचं घर त्येंच्या डोस्क्यात हाय. तू हितलं दप्तर हलवलंस, पर त्येंच्या डोस्क्यातलं हललं न्हाय. म्हणून सांगायचं." टाक्यांचा व्रण अजून हनुवटीवर होता. काही विचार करायचा असला की ईश्वरदादांचं बोट आपोआप त्याच्यावर जायचं, आणि बुद्धप्रियाला दर वेळी तो उंबरा आठवायचा.

आता ती एकोणतीस वर्षांची होती. नवी पेठेत एका कापड दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास चालायचा, तिथं ती शिकवायची. क्लासमध्ये तिला मॅडम म्हणत, आणि त्या मॅडमपणाचा थोडा वारा तिला घरीही लागायचा, हे सांगायला हरकत नाही.

घरातला कॉम्प्युटर मात्र तिचा नव्हता. तो ईश्वरदादांचा होता. रिटायर होण्याआधी कार्यालयानं त्यांना तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथं शिकवलं. घरी येऊन त्यांनी पहिली खरेदी केली ती कॉम्प्युटरची. खिडकीजवळ टेबल आलं, खुर्ची आली, आणि त्या डब्यातून आवाज यायला लागला. आवाज कसला, पत्र्यावर खडे सांडावेत तसा. त्यात ईश्वरदादांनी त्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की घरात दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळायचं नाही. मीनाबाईंनी त्याचं नाव पाव्हणा ठेवलं. सकाळी तो बडबडायला लागला की त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "उठला तुमचा पाव्हणा. त्येला चा ठिवू का?"

या पाव्हण्याला हाताशी धरून ईश्वरदादा वस्तीचे अर्ज लिहायचे. डोळस माणसं कागद घेऊन अंध माणसाकडे यायची. कुणाला दाखला हवा असे, कुणाच्या मीटरची तक्रार असे, कुणाच्या पोराला शाळा बदलायची असे. ईश्वरदादा ऐकून घेत, दोन प्रश्न विचारत, आणि मग बोटं चालत. माऊसला त्यांनी कधी हात लावला नाही. सगळं बाणांवर आणि मोजणीवर होतं. खालचा बाण चार वेळा की मायाक्काचा दाखला. एक रांग उजवीकडे आणि दोन खाली की सोमशेखरचा अर्ज. कागद छापून निघाला की ते सही कुठं करायची ती जागा नखानं दुमडून दाखवत. त्यांनी लिहिलेला अर्ज परत आला, असं फार वेळा झालं नव्हतं, आणि याचा त्यांना अभिमान होता.

दसऱ्यानंतर पाव्हण्यानं एक नवाच धोशा लावला. कॉम्प्युटर सुरू केला की तो सुरक्षेबद्दल काहीतरी बोलायचा. ईश्वरदादा म्हणाले, "प्रिया, ह्यो रोज सांगतोय, आता जुन्याला सुरक्षा मिळणार न्हाय. काय म्हणतोय बघ की जरा."

"बघते, पप्पा," ती म्हणाली.

बघ, असं ते म्हणाले होते. कर, असं म्हणाले नव्हते. हा फरक तिला पुढं फार दिवस टोचत राहिला.

त्या शनिवारी-रविवारी माळशिरसला ईश्वरदादांच्या पुतणीचा मंगल परिणय होता. दोघं नवरा-बायको शनिवारी सकाळच्या एसटीनं गेले. बुद्धप्रियाला क्लास होता. दुपारी ती घरी आली, एकटीनं जेवली आणि वडिलांच्या खुर्चीत बसली. क्लासमधले अकरा कॉम्प्युटर तिनं गेल्या पंधरवड्यात याच कारणानं मूळ सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर नेले होते. बाराव्याला कितीसा वेळ लागणार? आणि यात वस्तीतल्या लोकांचे कागद, आधारकार्डांच्या प्रती, काय काय होतं. ते उघड्यावर ठेवणं बरं नव्हे. पप्पा परत येतील तेव्हा सगळं नवंकोरं, वेगवान आणि सुरक्षित असेल. त्यांना किती बरं वाटेल, असं तिच्या मनात आलं आणि तिलाच फार बरं वाटलं.

दोन-अडीच तासांत नवी आवृत्ती चढली. तिथं ती थांबली असती तरी निभावलं असतं. पण हात लागलाच आहे तर सगळं करून टाकू, या घाईनं तिचा घात केला. डेस्कटॉपवर ऐंशीच्या वर फाइली पसरल्या होत्या, एकीला एक लागून. क्लासमधल्या पोरांनी असं ठेवलं तर ती त्यांना सोडत नसे. तिनं फोल्डर केले, त्यांना नावं दिली, दाखले वेगळे, शाळा-कॉलेज वेगळं, वीज-पाणी वेगळं, उरलेलं 'इतर', आणि एकेक फाइल उचलून आपापल्या फोल्डरात घातली. 'अर्ज एक' नावाची एक फाइल होती, तिच्यावर कुणाचं नाव नव्हतं. प्रशिक्षणातली काहीतरी असेल म्हणून ती तिनं उघडूनही न पाहता कचऱ्यात टाकली. शेवटी पाव्हण्यालाही रजा दिली. त्याच्या जागी नवा आवाज बसवला, एका मुलीचा, गोड, स्वच्छ आणि माणसासारखा. तिनं दोन वेळा ऐकून पाहिला आणि तिला तो इतका आवडला की ती एकटीच हसली.

मंडळी रविवारी संध्याकाळी आली. चहा झाला, लग्नातल्या जेवणाच्या गोष्टी झाल्या. मग बुद्धप्रियानं वडिलांचा हात धरून त्यांना खुर्चीपाशी आणलं. "बसा, पप्पा. एक गंमत आहे."

ईश्वरदादांनी बटण दाबलं. नव्या आवाजातली मुलगी बोलली. ते जरा मागं सरकले, मग मान तिरकी करून ऐकू लागले. त्यांनी खालचा बाण दाबला, चार वेळा. मुलगी म्हणाली, "इतर. फोल्डर." त्यांनी परत वर जाऊन पुन्हा चार मोजले. "इतर. फोल्डर." एक रांग उजवीकडे गेले तर तिथं काहीच नव्हतं. बोटं कीबोर्डवर थोडी फिरली आणि थांबली. बुद्धप्रिया बाजूनं उत्साहानं सांगत होती की आता शोधायला किती सोपं झालं आहे, सुरू करायचं बटण आता कोपऱ्यात नाही, मधोमध आहे, आवाजाचा वेग वाढवता येतो, सगळं हळूहळू सवयीचं होईल. ते ऐकत होते. मग त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"चांगलं केलंस," ते म्हणाले. "लई मेहनत घेतलीस." आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, ते बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढं नेहमीसारखे हात जोडत आणि मग खिडकीजवळच्या टेबलाला वळसा घालून बाहेर जात. ओट्यावर बसून रेडिओ ऐकत. मीनाबाई एकदा म्हणाल्या, "पाव्हणा रुसला व्हय?" ते म्हणाले, "पाव्हणा गेला. आता तितं पोरगी हाय. ती लई हळू बोलती, जणू मी आजारीच हाय." त्यांनी ते हसत म्हटलं खरं, पण मीनाबाई हसल्या नाहीत.

बुद्धप्रियानं वेग वाढवून दिला. कागदावर टिपणं काढून त्यांना वाचून दाखवली. संध्याकाळी शेजारी बसून शिकवते म्हणाली. ते दर वेळी 'व्हय, बघू की' म्हणत, आणि उठत नसत. तिला राग यायला लागला. साठी-सत्तरीच्या बायका क्लासमध्ये येऊन शिकतात आणि हे एवढे हुशार असून हट्ट करतात, असं तिला वाटायचं. तो राग खरा कुणावर आहे हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

बुधवारी बाळाबाई आल्या. चपलांचा पत्ता सांगून त्या ओट्यावरच टेकल्या. त्यांची नात अकरावीला होती. आई नव्हती तिला, बापाचा पत्ता नव्हता, आजीनंच वाढवलेली. मुलींच्या एका वसतिगृहात एक जागा रिकामी झाली होती, आणि पालक म्हणून आजीचं नाव धरावं असा अर्ज महिनाअखेरच्या आत द्यायचा होता. बुद्धप्रिया दारात उभी राहून ऐकत होती. ईश्वरदादांनी सगळं ऐकून घेतलं, नेहमीचे दोन प्रश्नही विचारले. मग त्यांचं बोट हनुवटीवर गेलं.

"बाळाबाई, दुसऱ्या कुणाकडनं तरी लिवून घे. माझ्याच्यानं आता न्हाय व्हायचं."

 बुद्धप्रिया पुढं होऊन म्हणाली, "मावशी, मी लिहिते ना. पप्पा सांगतील तसं टाइप करते. पाच मिनिटांचं काम आहे."

"लिवशील गं तू, न्हाय म्हणत न्हाय मी," बाळाबाई उठत म्हणाल्या. "पर माझी लेक गेली तवाचा अर्ज दादांनीच लिवलाय, पोरीच्या शाळेचा त्येंनीच लिवलाय. अजून हायेत धा-बारा दिस. मी थांबते." आणि त्या डावीकडच्या चपला पायात घालून गेल्या.

शनिवारी दुपारी बुद्धप्रिया क्लासवरून आली ती तणतणतच. ईश्वरदादा ओट्यावर होते. रेडिओ बंद होता आणि ते नुसतेच बसले होते. ते पाहून तिला वाईट वाटलं, आणि नेमकं तेच तोंडातून रागानं बाहेर पडलं.

"पप्पा, किती दिवस असं बसणार आहात? मी तुमच्या चांगल्यासाठीच केलं ना?"

"व्हय की. मी कुटं न्हाय म्हणलो?"

"मग तुम्हाला न विचारता केलं म्हणून तुम्ही रुसलाय. पण पप्पा, विचारायचं काय त्यात? घरात स्टूल हलवलं तर सांगते की नाही मी? सांगते, कारण तुम्ही अडखळाल, पडाल. कॉम्प्युटरमध्ये तुम्ही पडणार कुठं होतात?"

 समोरून एक रिक्षा गेली, तिचा आवाज पार कोपऱ्यावर विरेपर्यंत ईश्वरदादा थांबले.

"म्हंजी मी पडू नये म्हणून सांगत हुतीस व्हय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी आपला समजत हुतो, घर माझंबी हाय म्हणून सांगतीस."

 बावीस वर्षं बुद्धप्रियानं तो नियम पाळला होता, एकदाही चुकली नव्हती, आणि तो कशासाठी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला इतकी लाज वाटली की ती आत जाऊन मोरीत उगीचच हात-पाय धूत राहिली.

मीनाबाई तिथंच भांडी घासत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "ह्या घरात आलो तो दिस आठवतोय तुला? तू नऊ वर्साची हुतीस. सामानाचा टेम्पो दारात उबा, डायवर कुरकुर करतोय, आणि ह्येंनी मला सांगितलं, मीना, कायबी आत आणू नगं. तू भाईर थांब, मला फिरू दे. तासभर रिकाम्या घरात एकटे फिरले. भितीला धडकले, मोरीत पाय गेला, मला आतडं तुटल्यागत झालं. पर मी गेले न्हाय. मग दारात आले आणि म्हणले, आता आणा. कपाट हितं, खाट तितं. सगळं त्येंनी सांगितलं तसं लागलं." त्यांनी घासलेलं पातेलं पालथं घातलं. "तू त्येंचं घर लावलंस बाई. चांगलंच लावलंस. पर त्येंना फिरू कुटं दिलंस?"

रविवारी सकाळी बुद्धप्रिया वडिलांसमोर येऊन बसली. "पप्पा, नवीन चढवल्यापासून दहा दिवसांच्या आत जुन्यावर परत जाता येतं. आज आठवा दिवस आहे. मागं नेऊ का?"

तिनं विचारलं होतं. ईश्वरदादांनी तिच्या दिशेनं तोंड वळवलं.

"ने," ते म्हणाले.

मागं जायला तासाभराच्या आतबाहेर वेळ लागला. मग पत्र्यावर खडे सांडले आणि स्वयंपाकघरातून मीनाबाईंचा आवाज आला, "आला गं बाई पाव्हणा." ईश्वरदादा आठ दिवसांनी खुर्चीत बसले. पण खालचा बाण चार वेळा दाबला तर पाव्हणाही तेच म्हणाला. इतर, फोल्डर. आवृत्ती मागं गेली होती, बुद्धप्रियानं केलेला नीटनेटकेपणा मागं गेला नव्हता.

"फाइली मी हलवल्या तशाच राहिल्या," ती म्हणाली. "कुठली कुठं होती हे मला माहीत नाही, पप्पा."

"मला म्हाईत हाय. तू माऊस धर, मी सांगतो."

आणि ते सांगू लागले. लोक ज्या क्रमानं त्यांच्याकडे आले होते त्या क्रमानं फाइली लागलेल्या होत्या, आणि तो सगळा क्रम सात वर्षांचा त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा होता. चौथं मायाक्काचं, तिच्या सासऱ्याच्या दाखल्याचं, पावसात भिजत आली होती ती. त्याच्याखाली शाळेचा अर्ज, त्या पोरीनं पुढं नर्सिंग केलं. दुसऱ्या रांगेत सोमशेखर, यंत्रमागात बोट गेलेला, तीन वेळा लिहावं लागलं त्याचं. दर फाइलमागं एक माणूस होता, आणि तो कुठल्या दिवशी आला, काय बोलता बोलता थांबला, हे ते सांगत जात होते. बुद्धप्रिया फोल्डर उघडून एकेक फाइल बाहेर आणून जागेवर ठेवत होती. यांतली अर्धी माणसं तिच्या रोजच्या रस्त्यावरची होती. त्यांच्याविषयी तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुपारची जेवणं मागं पडली. शेवटची फाइल बाळाबाईंच्या नातीच्या दहावीची होती. ती लागली तेव्हा ईश्वरदादा म्हणाले, "आता पयलं लाव. पयल्या रांगेतलं पयलं. ते मी मुद्दाम मागं ठेवलं. अर्ज एक."

बुद्धप्रियाचा हात माऊसवर थांबला. "पप्पा, ते मी टाकून दिलं होतं. त्याच्यावर नाव नव्हतं. कचऱ्यात असेल अजून."

"मग काड की."

तिनं फाइल बाहेर काढली आणि या वेळी उघडली. मराठीत टाइप केलेलं चार-पाच ओळींचं पत्र होतं. मधेच दोन-दोन शब्द एकमेकांना चिकटले होते. माननीय प्राचार्य यांस, असं सुरू होत होतं. माझी मुलगी कुमारी बुद्धप्रिया ही डेंग्यूने आजारी असून दवाखान्यात आहे. तिला या महिन्यात परीक्षेस बसता येणार नाही. तिची परीक्षा नंतर घ्यावी व तिचे वर्ष वाया जाऊ देऊ नये, ही विनंती. आणि खाली, सही करायच्या जागेच्या वर, कुठल्याच अर्जात नसतात अशी दोन वाक्यं होती. हा अर्ज मी स्वतः लिहिला आहे, कोणाकडून लिहून घेतलेला नाही. चुका असल्यास माझ्या आहेत.

तिनं ती परीक्षा महिनाभरानं दिली होती. कॉलेजनं देऊ दिली म्हणून दिली, इतकंच तिला माहीत होतं. अर्ज आईनं शेजारच्या गुरुजींकडून लिहून घेतला असेल, असं धरून ती सात वर्षं चालली होती.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत," ती म्हणाली. 

"सांगायचं काय त्यात. तुजा ताप उतरंना, आणि मला दुसरं काय येत हुतं?" ते म्हणाले. "पर ते लिवताना पयल्यांदा कुणाचे डोळे उसने घेतले न्हायत. म्हणून पयलं ठेवलंय."

तिनं ती फाइल पहिल्या रांगेत पहिली ठेवली. मग ईश्वरदादांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला, बाणानं सगळ्या रांगांमधून एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाळाबाईला बोलीव."

अर्ज त्याच संध्याकाळी झाला. बाळाबाईंनी दुमडलेल्या जागेवर सही केली, सावकाश, जीभ दाताखाली धरून. कागद पदरात गुंडाळून त्या गेल्या.

पुढचा आठवडा घर पूर्वीसारखं वाजत राहिलं. रोज सकाळी पाव्हणा सुरक्षेचं बोलायचा आणि बुद्धप्रिया ते ऐकूनही गप्प बसायची. जुनं ते जुनं, राहू दे, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी ईश्वरदादांनीच हाक मारली. "प्रिया, ये. ते नवीन आज चढवू."

ती चकित झाली. "पण पप्पा, आत्ताच तर मागं आणलं. मग तेव्हाच ठेवलं असतं की."

"तवा तू चढवलं हुतंस. आता मी चढवणार." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "लोकांची कागदं उगड्यावर ठेवायची न्हायत, ते तुजं खरंच हाय. पर पाव्हणा ह्योच ऱ्हाईल. आणि फाइलींना हात लावायचा न्हाय."

ती स्टूल घेऊन त्यांच्या डाव्या हाताला बसली. पाव्हणा स्क्रीनवरचे प्रश्न वाचत गेला आणि ईश्वरदादा एकेक ऐकून उत्तर देत गेले. एके ठिकाणी ते चुकीच्या बटणावर गेले. तिचा हात माऊसकडे निघाला. तिनं तो मागं घेऊन दुसऱ्या हातात धरून ठेवला. ते परत फिरले, पुन्हा ऐकलं, बरोबर बटणावर आले आणि एंटर दाबलं.

मग पाव्हणा गप्प झाला. चढवणं चालू असताना आवाज नसतो, हे तिला माहीत होतं, पण ती शांतता किती मोठी असते हे आज कळलं. ईश्वरदादा हात मांडीवर ठेवून बसले होते.

"आता काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"निळा पडदा. बारा टक्के."

"सांगत ऱ्हा."

ती सांगत राहिली. वीस टक्के. एकतीस. आता बंद झाला, परत सुरू होतोय. लहानपणी बाजारातून त्यांचं बोट धरून चालताना ती अशीच सांगायची, पायरी आली, खड्डा आला. मीनाबाईंनी मध्ये दोनदा चहा आणून दिला आणि कप कुठं ठेवला ते सांगून गेल्या. एकशेवीस मिनिटं ती त्यांचे डोळे झाली होती, आणि त्यांनी मागितले म्हणून झाली होती.

शेवटी पडदा उजळला. पाव्हणा खरखरला. ईश्वरदादांनी कीबोर्डवर हात ठेवले आणि चार वेळा खालचा बाण दाबला. मायाक्का. त्यांनी मान हलवली. मग सुरू करायचं बटण शोधायला कोपऱ्याकडे गेले आणि पाव्हण्यानं भलतंच काहीतरी सांगितलं.

"मधी आणलंय व्हय दार," ते स्वतःशीच म्हणाले. ते पुन्हा चुकले, पुन्हा मोजायला लागले. तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं.

"प्रिया, तू जरा भाईर थांब," ते म्हणाले. "मला फिरू दे."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "पप्पा, मी उठले. स्टूल तुमच्या डाव्या हाताला, टेबलाखाली सरकवलंय."

"बरं," ईश्वरदादा म्हणाले, आणि मोजत राहिले.